मंगरूळपीर : स्थलनिर्णय व कागदपत्रें

वऱ्हाडांतील जुनीं मोडी व फारशी कागदपत्रें चाळीत असतां ‘मंगरूळ’ हें नांव वारंवार आढळतें. हें मंगरूळ कोणतें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें म्हणजे एका गांवची जमाबंदी दुसऱ्या गांवच्या इतिहासांत जाऊन बसते. या नांवाचीं गांवें अनेक आहेत. अमरावती जिल्ह्यांतच मंगरूळ दस्तगीर व मंगरूळ चव्हाळा अशीं दोन आहेत. तुळजापूर तालुक्यांत एक मंगरूळ आहे, व तेंही पूर्वीं निजामाच्याच राज्यांत मोडत होतें. काठेवाडांतील मांगरोळ फारशी लिपींत जवळजवळ तसेंच लिहिलें जातें; कारण त्या लिपींत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाहीं, आणि ‘ऊ’ व ‘ओ’ यांचा भेद लिहिण्यांत दिसत नाहीं. प्रस्तुत लेखांत वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर याचें स्थल व इतिहास थोडक्यांत सांगून, त्या आधारें सुट्या कागदांतील मंगरूळ कसें ओळखावें, इतकेंच दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम स्थलाचा विचार करूं. मंगरूळपीर हें सुमारें २० अंश १९ कला उत्तर अक्षांश व ७७ अंश २१ कला पूर्व रेखांश यांवर, वाशिमाहून कारंजास जाणाऱ्या वाटेवर, दोहोंच्या साधारण मध्यावर आहे. वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे दोन भाग फार पूर्वींपासून मानिले जातात. पायनघाट म्हणजे पूर्णा नदीचें सखल खोरें व बालाघाट म्हणजे त्याच्या दक्षिणेचें, अजिंठ्याच्या डोंगरओळीवरील पठार. मंगरूळपीर बालाघाटावर आहे. या पठारावर पाण्याची वांटणी होते. काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेस मिळते, व तें पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जातें. अडाण व अरुणावती यांचें पाणी मात्र पैनगंगेंत येऊन वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गें पूर्व समुद्रास पोंचतें. म्हणून कागदांत नदीचा उल्लेख असल्यास तो आधीं पाहावा. अडाण किंवा अरुणावती असेल, तर मंगरूळपिराचा पक्ष बळकट होतो. वर्धेच्या कांठचीं गांवें असतील, तर मंगरूळ दस्तगीर समजणें अधिक सयुक्तिक. तसेंच शेलूबाजार, आसेगांव, मानोरा हीं नांवें सोबत आलीं म्हणजे निर्णय बहुतेक झालाच.

आतां नांवाकडे वळूं. नांवांतील ‘पीर’ हा शब्द येथील हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आला आहे. याच गांवीं बिरबलनाथ महाराजांचें संस्थानही आहे. तेव्हां येथील धर्मस्थलांच्या इनामांचा शोध करणाऱ्यानें दोन्ही परंपरा लक्षांत ठेवाव्या. परंतु केवळ ‘पीर’ एवढ्या शब्दावर निर्णय करणें धोक्याचें आहे. कारण ‘दस्तगीर’ हेंही पिराचेंच बिरुद असून, ‘मंगरूळ पीर’ यापुढें कागद फाटलेला असल्यास पुढचें अक्षर काय होतें हें सांगतां येत नाहीं. ‘मंगरूळ’ या पूर्वपदाच्या व्युत्पत्तीवरून गांवाचें प्राचीनत्व सिद्ध करण्याचा मोहही टाळावा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म होय. तेथें १९३९ सालीं सांपडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटानें वाकाटकांच्या एका शाखेचें तें राजधानीचें नगर म्हणून निश्चित झालें. तथापि शेजारचें नगर प्राचीन म्हणून मंगरूळही तितकेंच प्राचीन, असें अनुमान काढण्यास तेवढा पुरावा पुरत नाहीं.

राजकीय इतिहासांत या मुलखाचे धनी वारंवार पालटले. इमादशाही १५७४ सालीं बुडून वऱ्हाड अहमदनगरकरांकडे गेलें. १५९६ सालीं तें मोगलांस मिळालें. ‘आइने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याखालीं वाशीम, माहूर, नरनाळा, कळंब अशीं निरनिराळीं सरकारें दिलीं आहेत. १७१९ सालीं दक्षिणच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांस मिळाल्या, व १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम स्वतंत्र झाला. पुढें वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दोअंमल चालला. एकाच वसुलाचे दोन वांटेकरी व हिशेबाचे दोन ताळेबंद. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला, व पुढील सालीं तो निजामाकडे आला.

या शेवटच्या घटनेचा कालनिर्णयाशीं निकट संबंध आहे. शुहूर सन व दक्षिणी फसली हीं दोन्ही सालें मृगापासून सुरू होतात. मृगापासून डिसेंबरअखेर शुहूर सनांत ५९९ व फसलींत ५९० मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीनंतर दोहोंत एकेक अधिक मिळवावा. आतां एकाद्या कागदावर नुसतें ‘सन १२०७’ आहे असें समजा. तें शुहूर धरलें तर १८०६-०७ येतें. फसली धरलें तर १७९७-९८. पहिल्या पक्षीं भोसल्यांचा अंमल उठलेला, दुसऱ्या पक्षीं तो चालूं. तेव्हां त्याच कागदांत भोसल्यांच्या चालूं सालच्या वांट्याची बाब असेल, तर सन फसली होय. शुहूर सन पुष्कळदां ‘सबा मयातैन व अलफ’ असा अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो, ही दुसरी खूण.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. तेव्हांपासूनचे कागद शोधतांना जिल्ह्यांची अदलाबदल ध्यानांत धरावी लागते. १९०५ पर्यंत वाशीम, मंगरूळ व पुसद हे वाशीम जिल्ह्याचे तीन तालुके होते. त्या सालीं जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडला गेला. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां निर्माण झाला, व मंगरूळपीर त्यांत आलें. म्हणून मोगली अंमलाचे कागद हैदराबादेच्या अभिलेखागारांत, मराठी अंमलाचे पुणें व नागपूर येथें, आणि इंग्रजी अंमलाचे अकोल्याच्या दफ्तरांत शोधणें प्राप्त आहे. शेजारच्या कारंजाचे जैन ग्रंथभांडारही विसरूं नये. तेथील अपभ्रंश पोथ्या रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत आल्या, व पुढें प्रा. हिरालाल जैन प्रभृतींनीं त्यांतील कित्येक छापून प्रसिद्ध केल्या.

सरकारी दफ्तरांना निदान कुलूप तरी आहे. खरी चिंता देशमुख, देशपांडे, काजी व पुजारी यांच्या घरच्या रुमालांची आहे. वरील सर्व खुणा—नदी, शेजारचीं गांवें, सन, वांटेकरी—एकाच कागदांत क्वचितच सांपडतात. त्या एका रुमालांतील दहा कागदांत विखुरलेल्या असतात. संग्राहकानें सुंदर शिक्क्याची सनद तेवढी उचलून बाकीचे कागद रद्दींत जाऊं दिले, तर सनद हातीं राहते पण तिचें मंगरूळ नाहींसें होतें. यास्तव आमची विनंति एवढीच कीं, रुमाल मोडूं नये, कागदांचा क्रम आहे तसा टिपून घ्यावा, आणि प्रत्येक कागदाच्या नकलेवर तो कोणत्या गांवीं, कोणाच्या दफ्तरांत मिळाला हें प्रथम लिहावें.