सूक्ष्म पतंगांचे नामकरण : वर्णन आणि प्ररूप

नवी जाती सापडणे आणि ती शास्त्रात दाखल होणे या दोन भिन्न घटना होत. दिव्याभोवती जमणाऱ्या, पंख पसरूनही जेमतेम एक सेंटिमीटर भरणाऱ्या पतंगांपैकी एखादा अपरिचित असू शकेल. परंतु वर्णन प्रसिद्ध होऊन द्विपदी नाम मिळेपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने तो अनामिकच राहतो. नाम मिळाल्यावरही ते नेमके कशाचे, हा प्रश्न उरतो.

एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हा इंग्लंडातील मार्लबरो येथील शाळाशिक्षक. जगभरातून आलेल्या सूक्ष्म पतंगांच्या हजारो जातींना त्याने नावे दिली. पेरू देशातील वांकायो येथील एका करड्या पतंगाचे वर्णन करून १९१७ मध्ये त्याने त्यास ‘थोरिमिया अ‍ॅब्सोल्यूटा’ असे नाव दिले. मेरिकचा भर पंखांवरील शिरांची रचना व रंगखुणा यांवर असे; जननेंद्रियांचे विच्छेदन त्याने स्वीकारले नाही. परंतु या कुलात पंखांचे साम्य अतिशय फसवे असते. म्हणून आज पतंगाचे उदर दाहक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून आतील कठीण भाग वेगळे काढतात, काचपट्टीवर बसवितात आणि जवळच्या जातींशी ताडून पाहतात. त्यास आता जनुकीय क्रमाचीही जोड मिळाली आहे.

मग जुन्या, अपुऱ्या वर्णनांचे काय? येथे नामकरणाचा मूलभूत नियम उपयोगी पडतो. शास्त्रीय नाम वर्णनातील शब्दांना बांधलेले नसून एका विशिष्ट नमुन्यास, म्हणजे प्ररूपास, बांधलेले असते. कोशातील शब्दाचा अर्थ व्याख्येने सांगता येतो. येथे मात्र व्याख्या चुकली तरी नाम ढळत नाही, कारण प्ररूप पुन्हा तपासता येते. गेट्स क्लार्क याने १९५५ पासून ब्रिटिश म्युझियममधील मेरिकच्या प्ररूपांची सचित्र सूची प्रसिद्ध केली, तिचे महत्त्व यातच आहे.

प्ररूप स्थिर असले तरी जातीचे वंशातील स्थान हे अनुमान असते व ते बदलते. ‘अ‍ॅब्सोल्यूटा’ १९६४ मध्ये स्क्रोबिपाल्प्युला, १९८७ मध्ये स्क्रोबिपाल्प्युलॉइडीस आणि १९९४ मध्ये टूटा या वंशात गेली. वंश बदलला की मूळ नामकर्त्याचे नाव कंसात लिहिण्याचा संकेत आहे. त्यामुळे मेरिकचे नाव कंसात गेले. २०२१ मध्ये ही जाती पुन्हा थोरिमिया वंशात आणण्यात आली आणि कंस गळून पडला. एका विरामचिन्हात वर्गीकरणाचा इतिहास असा सामावतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. हीच अळी टोमॅटोची पाने पोखरते आणि फळांत शिरते. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये आढळली व २०१४ मध्ये महाराष्ट्रात. अळीची ओळख चुकली, तर दक्षिण अमेरिकेत तिच्या सवयींविषयी व नैसर्गिक शत्रूंविषयी जमलेले ज्ञान येथील शेतकऱ्याच्या हाती येत नाही. त्या ज्ञानापर्यंत नेणारी वाट नामातूनच जाते. आणि नामास आधार असतो तो संग्रहालयातील टाचणीवरच्या एका लहानशा पतंगाचा.