खिशात बाळगण्याजोगे हलके, लहान कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर : निवडीचे निकष

प्रस्तावना

आत्मसंरक्षणासाठी परवानाधारक शस्त्र बाळगू इच्छिणाऱ्या व्यक्तीसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो शस्त्राच्या निवडीचा. सर्वसाधारण समजूत अशी आहे की शस्त्र जितके लहान आणि हलके तितके ते वापरावयास सोपे. विशेषतः स्त्रिया, वृद्ध आणि ज्यांच्या हातात फारसे बळ नाही अशांसाठी तेच योग्य. विक्रेते आणि जाहिरातीही या समजुतीला खतपाणी घालतात. परंतु यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांच्या आधारे पाहिले असता ही समजूत अर्धीच खरी ठरते. हलके शस्त्र बाळगावयास सोपे असते, चालवावयास मात्र कठीण असते. प्रस्तुत लेखात वजन, कॅलिबर, चाप, मूठ आणि कायदा या घटकांच्या अनुषंगाने या निवडीचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे अमेरिकन पेटंट सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये मिळविले. त्या काळातील रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी सुटी भरावी लागे. धातूच्या कवचातील तयार काडतूस वापरणारे स्मिथ अँड वेसन कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर १८५७ मध्ये बाजारात आले. ते .२२ कॅलिबरचे, सात गोळ्यांचे आणि खिशात मावणारे होते. लहान कॅलिबरचे खिशातील रिव्हॉल्व्हर ही अलीकडची कल्पना नाही. या कंपनीच्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरचा आरंभच तेथून झाला.

याच कंपनीने १९५० मध्ये .३८ स्पेशल काडतुसाचे पाच गोळ्यांचे छोटे पोलादी रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन सुमारे ५५० ग्रॅम होते. दोनच वर्षांत त्याची ॲल्युमिनियम मिश्रधातूची हलकी आवृत्ती निघाली. आरंभी तिचा सिलिंडरही ॲल्युमिनियमचाच होता. परंतु तो काडतुसाचा दाब नीट सोसू शकेना, म्हणून पुढे पोलादी सिलिंडर बसविण्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टायटॅनियम आणि त्यानंतर स्कँडियमयुक्त ॲल्युमिनियम वापरात आले. २००९ मध्ये रुगर कंपनीने चापाची यंत्रणा पॉलिमरच्या आवरणात बसवलेले, सुमारे ३८० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. शस्त्राचे वजन अशा रीतीने अर्धशतकात पुष्कळ घटले. ते धरणारा हात मात्र पूर्वीचाच राहिला.

वजन आणि मागे बसणारा धक्का

गोळी पुढे जाते तेव्हा तिच्याइतकाच संवेग शस्त्राला मागच्या दिशेने मिळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा सरळ परिणाम होय. संवेग तोच राहिला आणि शस्त्राचे वजन निम्मे झाले, तर धक्क्याचा वेग दुप्पट होतो आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. वजनात केलेली प्रत्येक काटकसर अखेरीस हाताकडूनच वसूल होते.

काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची गोळी सुमारे ६.३५ ग्रॅम वजनाची असून तिचा वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास असतो. ही गोळी ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटली तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १.३ ज्यूल येते. ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तीच १.९ ज्यूलच्या जवळ जाते. .३८ स्पेशलची सुमारे १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला २३५ मीटर वेगाने सुटते असे धरल्यास ५५० ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये ५.२ ज्यूल, तर ४१० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ७.० ज्यूल ऊर्जा हातावर येते. या आकडेमोडीत नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वाटा धरलेला नाही. तो धरल्यास प्रत्येक आकडा थोडा वाढतो.

.३२ आणि .३८ यांच्यातील अंतर येथे लक्षणीय आहे. .३८ ची अतिहलकी रिव्हॉल्व्हर सरावाच्या वेळी तळव्याला झोंबतात. परिणामी त्यांचे मालक सराव टाळतात आणि चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणे, मनगट आखडणे अशा सवयी जडतात. अतिहलक्या शस्त्रात आणखी एक अडचण संभवते. धक्क्याच्या झटक्याने सिलिंडरमधील न उडालेल्या काडतुसांच्या गोळ्या कवचातून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरणेच अडते. म्हणून अशा शस्त्रासाठी निर्मात्याने सुचविलेलीच काडतुसे वापरणे इष्ट ठरते.

कॅलिबरची निवड

वजन कमी ठेवावयाचे आणि धक्काही सोसण्याजोगा हवा, तर कॅलिबर लहान करणे हा एक मार्ग उरतो. .२२ लाँग रायफलची २.६ ग्रॅमची गोळी आखूड नळीतून सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा सुमारे १०० ज्यूल भरते. वर दिलेल्या वेगांनुसार .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची ऊर्जा १४५ ज्यूलच्या आसपास आणि .३८ स्पेशलची २८० ज्यूलच्या आसपास येते. केवळ ऊर्जेवरून परिणाम ठरत नाही; गोळी कोठे लागते हे अधिक निर्णायक असते. तरीही लहान कॅलिबरची मर्यादा या आकड्यांतून ध्यानात येते.

.२२ च्या बाबतीत दुसरा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. या काडतुसात ठिणगी पाडणारे रसायन बुडाच्या कडेत पसरलेले असते. ते सर्वत्र सारखे पसरले नसल्यास काडतूस फुसके निघते. .३२ आणि .३८ मध्ये हे रसायन बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपीत असते, त्यामुळे अशी शक्यता कमी होते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते, ही त्यातल्या त्यात सोय. उलटपक्षी .२२ ची काडतुसे स्वस्त असतात, सिलिंडरमध्ये बहुधा आठ मावतात आणि सराव भरपूर करता येतो. दुबळ्या मनगटाच्या व्यक्तीने सरावाने आत्मसात केलेले .२२ हे तिने कपाटात ठेवून दिलेल्या .३८ पेक्षा अधिक उपयोगी ठरते.

.३२ हे या दोहोंमधील स्थान आहे. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस १८९६ पासून प्रचारात आहे. त्याचाच लांब आणि अधिक शक्तिशाली वंशज .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ मध्ये आला. .३८ साठी पाच कप्पे असलेल्या छोट्या सिलिंडरमध्ये .३२ चे सहा कप्पे बसतात. हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी अमेरिकेत अलीकडे या कॅलिबरकडे पुन्हा लक्ष वळले आहे, त्यामागे हेच गणित आहे.

चाप, मूठ आणि घोडा

खरेदीच्या वेळी वजन आणि कॅलिबर यांची चर्चा होते. चाप मात्र दुर्लक्षित राहतो. एकाच ओढीत घोडा उचलणारा आणि सोडणारा चाप ओढण्यास साधारण ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. शस्त्राचे वजन ५०० ग्रॅम असेल तर हा जोर त्याच्या दहापट आणि २५० ग्रॅम असेल तर वीसपट होतो. बोटाच्या ओढीने नळीचे तोंड हलते आणि नेम चुकतो, तो येथेच. .२२ मध्ये काडतुसाची कड चेपावी लागत असल्याने घोड्याची स्प्रिंग पुष्कळदा अधिकच कडक असते. त्यामुळे कमी धक्क्याचे शस्त्र कधी कधी कमी बळाच्या बोटाला अधिक जड जाते. ज्या व्यक्तीला शस्त्र वापरावयाचे आहे तिने स्वतः चाप ओढून पाहिल्याशिवाय निवड करणे, हे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने पादत्राण घेण्यासारखे होय.

मुठीची लांबीही महत्त्वाची आहे. खिशात मावावी म्हणून मूठ आखूड केली की करंगळी अधांतरी राहते आणि पकड सैल होते. किंचित मोठी रबरी मूठ धक्का विभागून घेते, परंतु कपड्यात अडकते. घोड्याचे टोक बाहेर असल्यास तेही खिशाच्या कडेला अडकते. म्हणून खिशासाठीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा झाकलेला असणे सोयीचे.

भारतातील स्थिती

कॅलिबरची निवड भारतात केवळ आवडीनिवडीची बाब नाही. सैन्य आणि पोलीस दलांच्या वापरातील काडतुसांशी जुळणारी .३८, .४५ आणि ९ मिलिमीटर ही कॅलिबरे सामान्य नागरिकांना निषिद्ध आहेत. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत .३२ आणि .२२ हेच व्यवहार्य पर्याय उरतात. .३२ काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहेत. हा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूर येथील शासकीय कारखान्याने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे .३२ रिव्हॉल्व्हर सादर केले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, क्षमता सहा गोळ्यांची आणि किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराच्या पार्श्वभूमीवर, स्त्रियांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि त्यावर टीकाही झाली. इच्छापूरच्या रायफल कारखान्याने ‘निडर’ हे .२२ चे, जेमतेम २५० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर आणि निर्मात्याने सांगितलेला पल्ला ५० मीटर.

५००, २५० आणि ७०० ग्रॅम ही तीन वजने शेजारी ठेवली की निवडीतील ताण स्पष्ट होतो. ‘निडर’ पर्समध्ये जाणवणार नाही, परंतु त्याच्या चापाचा जोर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट भरणार. ‘प्रबल’ हातात स्थिर राहील, परंतु खिशात ओझे होईल आणि एखादे दिवशी घरीच राहील. ‘निर्भीक’ या दोहोंच्या मध्ये आहे. यांतील कोणतेही निरपवादपणे श्रेष्ठ म्हणता येणार नाही.

कायदा आणि सुरक्षितता

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला ते सामान्यतः मिळत नाही. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही.

खिशात शस्त्र ठेवताना चाप पूर्णपणे झाकणारे म्यान अनिवार्य मानावे. त्याच खिशात किल्ल्या, नाणी वा अन्य वस्तू ठेवू नयेत. खिशातील धूळ आणि सुताचे कण यंत्रणेत साचतात, म्हणून नियमित स्वच्छता आवश्यक. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पडल्यास गोळी सुटू नये यासाठीची अंतर्गत अडसर व्यवस्था असेलच असे नाही. तशा शस्त्रात घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवण्याची रीत आहे. घरी शस्त्र कुलूपबंद असावे.

निवडीच्या आधीचा एक प्रश्नही टाळता येत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या केलरमन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात घरातील शस्त्राचा संबंध घरातच होणाऱ्या हत्येच्या सुमारे २.७ पट जोखमीशी आढळला. तेथील परिस्थिती भारतीय परिस्थितीहून भिन्न आहे आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. तथापि शस्त्राचा धोका फक्त बाहेरच्या हल्लेखोराला असतो, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत होते. कौटुंबिक कलह, नैराश्य वा लहान मुले असलेल्या घरात शस्त्र न घेणे हाही एक विचारपूर्वक केलेला पर्याय ठरतो.

निष्कर्ष

हलके, लहान कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर ही तडजोड आहे. ती समजून केली तर उपयोगाची, न समजता केली तर घातक. निवडीचा क्रम असा असावा : प्रथम शस्त्राची गरज आणि घराची स्थिती, मग चाप ओढणाऱ्या बोटाची ताकद, मग सोसवेल असा धक्का आणि त्यानुसार कॅलिबर, आणि सर्वांत शेवटी वजन. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा चालतो. प्रथम वजन पाहिले जाते आणि गरज गृहीत धरली जाते. भारतातील नागरिकापुरते बोलावयाचे तर, मध्यम वजनाचे .३२ ही बहुसंख्यांसाठी समतोल निवड होय, आणि ज्यांना त्याचा धक्का सोसत नाही पण चाप ओढवतो त्यांच्यासाठी .२२. परंतु कोणत्याही शस्त्राबरोबर सराव विकत मिळत नाही. ज्या शस्त्राचा सराव होणार नाही ते कितीही हलके असले, तरी त्याचा भार मालकाला आणि त्याच्या आसपासच्यांना वाहावाच लागतो.