गिझरची धार का मंदावते?

डिसेंबर उजाडला की वैनगंगेच्या काठावर धुके दाटू लागते आणि भंडारा शहरातील घराघरांत पहाटेच्या आंघोळीचा प्रश्न ऐरणीवर येतो. गिझरचा लाल दिवा लागलेला असतो, पाणीही तापलेले असते; पण शॉवर उघडावा तर करंगळीएवढी धार! मग सगळा राग गिझरवर निघतो. कोणी नवा गिझर घेण्याचा सल्ला देतो, तर कोणी त्याची झडप घट्ट आवळून टाकतो. यातील पहिला उपाय बहुधा खर्चिक आणि निरुपयोगी ठरतो. दुसरा मात्र जिवावर बेतू शकतो. म्हणूनच दाब येतो कुठून आणि जातो कुठे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बंब आणि गिझर

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्याला तांब्या-पितळेच्या बंबाची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि वर सैल झाकण, अशी त्याची साधी रचना. पाणी उकळले तर वाफ झाकणावाटे निघून जाई. बंबात दाब साठतच नसे. गिझर ही मात्र चहूबाजूंनी बंद टाकी आहे. खालच्या बाजूने थंड पाणी आत शिरते आणि वरच्या थरातील गरम पाण्याला बाहेर ढकलते. म्हणजे गिझर पाणी केवळ तापवितो. ते नळापर्यंत लोटण्याचे काम गच्चीवरच्या टाकीचे असते.

उंचीचे गणित

पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. दुमजली घराच्या तळमजल्यावरील नळ टाकीपासून आठ मीटर खाली असेल, तर तेथे ०.८ बार दाब मिळेल. वरच्या मजल्यावरील शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम दोन मीटर खाली असतो. तेथे मिळतो अवघा ०.२ बार. त्यात अरुंद नळ आणि जागोजागी वळणे असली, की धार आणखी क्षीण होते. अनेक गिझरवर ‘८ बार’ असे लिहिलेले आढळते. तो आकडा गिझर निर्माण करीत असलेल्या दाबाचा नव्हे, तर त्याची टाकी सोसू शकेल अशा दाबाचा आहे. त्यामुळे मोठा गिझर बसविला म्हणून धार वाढत नाही.

तपास कसा करावा?

धार अचानक मंदावली असेल तर प्रथम थंड पाण्याचा नळ उघडून पाहावा. गरम आणि थंड अशा दोन्ही धारा मंद असतील, तर गिझर निर्दोष आहे. टाकीतील पातळी, तळाशी साचलेला गाळ आणि टाकीखालचा अर्धवट बंद राहिलेला कॉक पाहावा. एकाच नळाची धार मंद असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी किंवा शॉवरची भोके क्षारांनी बुजलेली असतात. ती काढून काही वेळ व्हिनेगरमध्ये भिजवून घासली, की काम भागते.

थंड पाणी जोरात आणि गरम पाणी मात्र मंद असेल, तर अडथळा गिझरच्या वाटेवर आहे. येथे प्रथम गिझरचे मुख्य बटण बंद करावे. त्यानंतर त्याला पाणी पुरविणारा कॉक पूर्ण उघडा आहे का, हे पाहावे. तो उघडा असेल तर जाळी, एकेरी झडप किंवा आतील क्षार यांच्याकडे संशयाची सुई वळते. विंधन विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही तक्रार विशेष आढळते. जड पाणी तापले की त्यातील चुना पांढऱ्या खपल्यांच्या रूपाने तापविणाऱ्या कॉइलवर आणि नळीच्या तोंडाशी बसतो. पाणी जितके अधिक तापवावे, तितकी ही खपली लवकर धरते. तापमान साठ अंशांच्या आसपास ठेवल्यास हा त्रास कमी होतो. साचलेली खपली काढण्यासाठी टाकी उघडण्याचे काम मात्र जाणकार कारागिरावरच सोपवावे.

टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर पाणीच येत नसेल, तर नळांत हवा अडकलेली असते. अशा वेळी सर्वांत खालच्या मजल्यावरील नळ आधी उघडावेत आणि मग क्रमाने वरचे. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत गिझर सुरू करू नये. आत पाणी नसताना कॉइल तापली तर ती जळून जाते.

परदेशातील बॉयलरची तऱ्हा वेगळी

ब्रिटन किंवा युरोपात स्थायिक झालेल्या मुलांकडून ‘बॉयलरचा दाब गेला’ अशी तक्रार ऐकू येते, ती मात्र निराळी. तेथील बॉयलर घर उबदार ठेवण्यासाठी तेच पाणी बंद नळ्यांतून फिरवीत असतो. थंड असताना त्याच्या काट्यावर साधारण १ ते १.५ बार दाब अपेक्षित असतो. काटा शून्याकडे झुकला, तर बॉयलर बंद करून, तो थंड झाल्यावर, भरणीच्या नळीने पाणी घालता येते. एकदा पाणी घालून भागले तर चिंता नसावी. दर आठवड्याला घालावे लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा प्रसरणाच्या टाकीतील हवा गेली आहे, असे समजावे.

ठिबकणारी झडप

या प्रसरणाचा संबंध आपल्या गिझरशीही आहे. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. २५ लिटरच्या गिझरमध्ये हे वाढीव पाणी साधारण पावणेचारशे मिलिलिटर होते. ते मागे टाकीकडे जाऊ शकते. परंतु वाटेत एकेरी झडप असेल तर तो मार्ग बंद होतो. मग सुरक्षा झडप, म्हणजेच सेफ्टी व्हॉल्व्ह, थेंब-थेंब पाणी सोडून टाकीला वाचविते. पाणी तापत असताना ती थोडी ठिबकली तर तो बिघाड नसतो. सतत गळत असेल तर ती बदलावी. परंतु टोपण लावून किंवा आवळून ती कधीही बुजवू नये. तापमान रोखणारा थर्मोस्टॅट बिघडला आणि झडपही बंद असली, तर बाथरूममधील गिझरचा स्फोट होऊ शकतो.

धार वाढविण्यासाठी नगरपालिकेच्या नळालाच टिल्लू पंप जोडण्याची पद्धतही घातक आहे. त्याने शेजाऱ्याचे पाणी पळते आणि फुटक्या जोडांतून गटाराचे पाणी नळात ओढले जाते. टाकी उंचावणे, रुंद नळ घालणे किंवा गच्चीवरच्या टाकीनंतर लहान प्रेशर पंप बसविणे हे योग्य मार्ग होत. पंप घेताना त्याचा दाब गिझरला सोसेल याची खात्री मात्र करावी.

गॅस गिझर : दुहेरी सावधगिरी

गॅस गिझरमध्ये पाण्याचा पुरेसा दाब आला तरच गॅसची वाट उघडते. त्यामुळे धार मंद असेल तर तो पेटतच नाही. ही सुरक्षेसाठी केलेली योजना आहे. तिच्यात फेरफार करू नये. आणखी मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद खोलीत ज्वलन अपुरे राहिले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेली व्यक्ती हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडते. म्हणून गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत असावा. डोके जड झाले किंवा मळमळू लागले, तर तत्काळ बाहेर यावे.

राखणदार आपणच

जिल्ह्यातील उसना तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांत बॉयलर वापरले जातात. अशा बॉयलरची कायद्याने तपासणी होते. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. पाणी शंभर अंशांखालीच तापविणारा घरगुती गिझर मात्र या चौकटीत येत नाही. त्याची पाहणी करण्यास कोणताही निरीक्षक आपल्या दारी येणार नाही. आयएसआय चिन्ह पाहून केलेली खरेदी, व्यवस्थित अर्थिंग आणि हिवाळ्याच्या तोंडावर जाणकाराकडून सुरक्षा झडपेची तपासणी, एवढी काळजी तरी प्रत्येक कुटुंबाने घ्यावी. धार मंद असेल तर फार तर आंघोळीला उशीर होतो. झडप बंद असेल, तर चूक सुधारण्याची संधीही मिळत नाही.