हिरव्या भाजीची न दिसणारी किंमत

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पालकाची जुडी हाती घेणारे गिऱ्हाईक पान पाहते; ते रुंद, हिरवेगार असले म्हणजे घासाघीस आटोपते. पान कोणत्या पाण्यावर पोसले, हे भाव सांगत नाही. किंमत माहिती वाहून आणते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो; येथे मात्र तिचे तोंड बंद आहे.

वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या भागात शहराचे सांडपाणी हीच काय ती बारमाही नदी. त्यात नत्र व स्फुरद फुकट मिळतात. शेतकऱ्याने ते पाणी वापरले तर त्यास दोष कसा द्यावा? परंतु मोरीच्या पाण्यात रंगाईचे, मुलाम्याचे वा बॅटरीदुरुस्तीचे पाणी मिसळले, की क्रोमियम, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत उतरू लागतात. मैला कुजतो, धातू कुजत नाही.

प्रमाण फार वाढले तर मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात, उत्पन्न घटते. हे नुकसान दिसते, म्हणून त्यातल्या त्यात बरे! कॅडमियमची चाल अधिक लबाड. जस्ताशी साधर्म्य असल्याने मूळ फसते व त्यास आत घेते. पीक निकोप दिसत असतानाही ते पालेभाजीच्या पानांत अपायकारक प्रमाणात साचू शकते. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. ती डोळ्यांस कशी कळावी? आपली चुनखडीयुक्त काळी माती शिसे व कॅडमियम बऱ्याच अंशी धरून ठेवते, हे खरे. पण धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे.

जपानात जिंझू नदीकाठच्या भातशेतीत खाणीतले कॅडमियम उतरले. हाडे ठिसूळ करणारा 'इताई-इताई' रोग प्रदूषणजन्य असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. माती सुधारण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

त्यामानाने कारखान्याच्या दाराशीच पाणी शुद्ध करणे स्वस्त. नाल्यात मिसळल्यावर सांडपाणी-केंद्रातही धातू मुख्यतः गाळात बसतात, आणि तोच गाळ खत म्हणून शेतात परततो. या खर्चाने चादर चार पैशांनी महागेल, महागू द्यावी. भाजीची तपासणी हवीच, पण केवळ मंडईत झाली तर पहिला फटका टोपली घेऊन बसलेल्या बाईस बसेल, नाल्यात पाणी सोडणारास नव्हे. म्हणून ती नाल्याच्या मुखापासून सुरू व्हावी आणि तिचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.