गोणपाटाचा सह्याद्री

मराठी मुलुखातील लहान मुले, कोणाही गुरुजींच्या हुकमावाचून आणि कोणत्याही परीक्षेच्या आमिषावाचून, दगड, विटा, माती, गोणपाट, गेरू आणि धान्य अशी अर्धा डझन माध्यमे एकत्र करून एक भले मोठे शिल्प स्वतःच्या हातांनी घडवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे म्हणून ते दारातच मांडून ठेवतात, असा वर्षातून एकदाच येणारा जो प्रसंग, तो दिवाळीचा किल्ला. आणि चित्र-शिल्पाच्या शिक्षणाविषयी आजवर जे वाचले, ऐकले व वर्गात करून पाहिले, त्या साऱ्यापेक्षा अधिक मला या किल्ल्याने शिकवले, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. ठाण्यात खोपटला, एस.टी.च्या आगारापासून हाकेच्या अंतरावर, माझी कामाची खोली आहे. सकाळी तीत मी पत्रा, ताग, चुना, जुने कागद आणि रंग यांच्या मेळातून माझी स्वतःची कामे करतो आणि सायंकाळी त्याच खोलीत आसपासची मुले चित्र काढायला व मातीकाम करायला येतात. आश्विन लागला की या मुलांचे लक्ष कागदावरून उडते, त्यांच्या दप्तरांतून विटांचे तुकडे आणि सुतळीची बंडले निघू लागतात, आणि पुढचे काही दिवस खोलीत फक्त बुरूज, तटबंदी व दरवाजे यांचीच भाषा चालते. हे व्यत्यय म्हणून सोसावे, असा एके काळी शिरस्ता होता. आता माझ्या वर्गाचे वर्षच मुळी तेथून सुरू होते.

या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून टाकतो. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे शिल्प शिकवावयास आले. पुढे शाळाशाळांतून ड्रॉइंगचा तास रुजला, आणि आज कला संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांनी स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी घराघरांत नेले. तिकडे व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी वर्ग काढून मूल हे अपुरे चित्रकार नसून त्याची कला स्वयंपूर्ण आहे, असा पक्ष मांडला. हर्बर्ट रीड यांनी १९४३ साली त्याला ग्रंथरूपाने तात्त्विक बैठक दिली. आणि शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमच्या मुलांबरोबर चित्रे व मातीकाम करीत राहिले.

पण आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्याचा या इतिहासातील वाटा मात्र असा भरभर ओलांडून जाणे योग्य होणार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्यापुढे आणि अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न असा होता की, माँटेसरीची महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर आणायची कोठून? त्यांनी ती शिंपल्यांतून, बियांतून, खड्यांतून आणि पानांतून आणली. जे साहित्य मुलाच्या पायांखाली आहे, तेच त्याच्या हाती दिले. हा सारा मुलूख आता पालघर जिल्ह्यात गेला आहे. पण कोसबादची टेकडी मी पाहून आलो तेव्हा मनात आले की, पाश्चात्त्य कलावंत ज्याला मिश्रमाध्यम म्हणतात, त्याचा सर्वांत प्रामाणिक वर्ग या टेकडीवर भरत होता, आणि तेथे कोणी त्याला कला म्हणावे अशी अपेक्षाही केली नव्हती.

आता माझ्या मुख्य विषयाकडे वळतो. चार-पाच वर्षांचे मूल चित्र काढते ते डोळ्यांना दिसते त्याचे नव्हे, तर मनाला ठाऊक आहे त्याचे. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच हे नीट नोंदवून ठेवले. म्हणून त्याच्या घराची भिंत पारदर्शक असते, आतला पंखा बाहेरून दिसतो, आणि तळ्याभोवतीची झाडे चारी दिशांना आडवी पडलेली असतात. आपल्याकडचे जुने हस्तलिखित नकाशे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे ओळखीचे वाटेल. जमीन वरून पाहिलेली आणि तिच्यावरची देवळे, झाडे व डोंगर मात्र समोरून पाहिलेले, अशी दुहेरी दृष्टी त्या नकाशांत निःसंकोचपणे नांदते. पुढे मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की ही दृष्टी त्याला एकाएकी लाजिरवाणी वाटू लागते. मोटार मोटारीसारखी दिसत नाही, माणसाचा हात आखूड होतो, शेजारच्या मुलाचे चित्र हुबेहूब वाटते, आणि मग ‘सर, मला चित्र येत नाही’ हे वाक्य उच्चारले जाते. दरवर्षी हे वाक्य मी ऐकतो, आणि पुष्कळ माणसांच्या आयुष्यातला चित्रकलेचा अध्याय याच वाक्यापाशी कायमचा मिटतो, हे पाहून मला मनापासून दुःख होते.

या वयाच्या मुलाला अधिक चित्रे काढावयास लावणे हा उपाय नव्हे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या हाती माती, तार आणि फडके द्यावे. कागदावरचा घोडा घोड्यासारखा दिसतो की नाही याचा निवाडा शेजारी करतो. पण मातीचा घोडा उभा राहतो की नाही याचा निवाडा पृथ्वी करते, आणि तिच्या निवाड्याने मूल खजील होत नाही, कामाला लागते. पाय जाड केले की तो उभा राहतो, पोटाखाली आधार दिला की उभा राहतो, शेपूट जमिनीला टेकवली की उभा राहतो. माद्रिदला पिएत्रो ताक्का याने चौथ्या फिलिपचा पुढचे दोन्ही पाय उचललेला ब्राँझचा घोडा १६४० साली पुरा केला, तेव्हा त्याच्या पुढेही हाच प्रश्न होता, आणि त्यानेही शेपटीचा आधार घेतला. कल्याणचे भाऊ साठे यांनी घडवलेला, गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९६१ सालापासून मुंबईच्या समुद्राला सामोरा आहे. त्यांच्या डोंबिवलीतील शिल्पालयात आमच्या मुलांना नेले होते, तेव्हा ती चेहऱ्यांकडे थोडा वेळ पाहून घोड्यांच्या खुरांपाशी वाकली आणि भार कोठून कोठे उतरतो याची आपापसांत चर्चा करू लागली.

मातीकामात पहिली शिकवण सांध्याची. मूल हात वेगळा करते, खांद्याला दाबून चिकटवते, आणि वाळल्यावर तो गळून पडतो. कारण दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना धरीत नाहीत. दोन्हीकडे कोरणीने ओरखडे काढावेत, मातीचीच पातळ राबडी लावावी, मग दाबावे, आणि सांध्यावरून बोट असे फिरवावे की रेषा नाहीशी व्हावी. शाडूत थोडा कापूस पिंजून मळला तर तडे कमी जातात. तारेवर माती घसरू नये म्हणून आधी सुतळी गुंडाळावी लागते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर श्रावणापर्यंत काही वाळतच नाही आणि कागदाच्या लगद्याला बुरशी धरते, म्हणून लगद्याचे काम आम्ही दिवाळीनंतरच काढतो.

हे सारे ज्ञान किल्ल्यात मुलांनी आधीच हस्तगत केलेले असते. खाली विटा, जुने डबे, एखादे मोडके स्टूल यांचा सांगाडा. त्यावर पातळ चिखलात बुडवून काढलेले गोणपाट. त्यावर मातीचा लेप. गोणपाट ओले असताना आपल्याच वजनाने खाली ओघळते आणि त्याला ज्या घड्या पडतात, त्यांतून कातळकडे, घळी आणि सोंडा अशा काही निघतात की, तसा डोंगर हाताने कोरून काढणे मुरलेल्या शिल्पकारालाही अवघड जावे. वाळल्यावर तागाचे धागे मातीला धरून ठेवतात. जे. जे.च्या परंपरेतले शिल्पकार प्लास्टरचा साचा काढताना त्यात तागच घालतात, तो याच कारणास्तव. मग उतारावर हळीव पेरायचे. मोहरीचा दाणा उभ्या कड्यावरून घरंगळतो. हळीव मात्र ओले झाले की बुळबुळीत आवरण धरते आणि जेथे टाकावे तेथेच चिकटून राहते, म्हणून कड्यावर हळीव आणि माचीवर मोहरी, ही वाटणी आमच्या वर्गातील एका मुलीने स्वतःच शोधून काढली. दिवाळीच्या पाचसहा दिवस आधी पेरणी झाली नाही तर रंगवलेल्या भुशावर वेळ मारून न्यावी लागते. त्यामुळे वेळेचा हिशोबही आलाच.

गोणपाट माझ्या स्वतःच्या कामांत आले ते या किल्ल्यांवरून. पुढे कळले की, आल्बेर्तो बुर्री नावाच्या इटालियन चित्रकाराने १९५० च्या सुमारास फाटकी पोती शिवून, टाचून चित्रे केली होती. हा गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर, महायुद्धात उत्तर आफ्रिकेत कैद झाला, आणि टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रे काढू लागला. त्याच्या पोत्यांकडे पाहताना अनेकांना मलमपट्टी दिसते. मला सह्याद्री दिसतो, आणि तो माझा दोष मी मानीत नाही. अलिबागनजीक सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांच्या घरी मी वारंवार जातो, ते ब्राँझ आणि संगमरवर पाहण्यासाठी नव्हे, तर अंगणातील सिमेंटची म्हैस पाहण्यासाठी. बांधकामाचे साधे सिमेंट घेऊन या माणसाने तिच्या बसण्यातला सारा सुस्त भार पकडला आहे. करमरकर लहानपणी देवळाच्या भिंतीवर चित्र काढीत होते, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले, आणि त्यांनी त्या खेड्यातल्या मुलाची जे. जे.त जाण्याची तजवीज केली. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्याच मुलाचा. भिंतीवर चित्र काढल्याबद्दल मुलाला शिक्षा करण्यापूर्वी कोणीही ही हकिकत आठवावी.

किल्ल्यातून चित्राकडे परत कसे येता येते, त्याचा एक प्रसंग सांगतो. ‘मला येत नाही’ म्हणून पेन्सिल खाली ठेवलेली एक दहा वर्षांची मुलगी रायगड करणाऱ्या गटात होती आणि तिच्याकडे महादरवाजा आला. पुस्तकात गोमुखी बांधणी असा शब्द होता आणि एक आकृती होती. त्या आकृतीवरून तिला काही उमगेना. मी म्हटले, दोन बुरूज कर आणि त्यांच्या मध्ये दार कोठे लपवायचे ते तूच ठरव. तिने मातीचे दोन बुरूज केले, एक दुसऱ्याच्या पुढे येऊन वळलेला, आणि मग जमिनीवर पोटावर पडून, एक डोळा मिटून, शत्रूच्या सैनिकाच्या उंचीवरून पाहिले. दार दिसेना. ती किंचाळलीच. ‘सर, इकडून आलं तर दारच नाहीये!’ बुरुजाला वळसा घातल्याशिवाय दार दिसत नाही, आणि वळसा घालणारा दोन्ही तटांवरून होणाऱ्या माऱ्यात सापडतो, हे तिला त्या क्षणी शरीराने कळले. नंतर गटातल्या बाकीच्यांना समजावण्यासाठी तिने खडू घेतला आणि फरशीवर त्या दरवाजाचा आराखडा काढला, बाणांसह, न विचारता. चित्र येते की येत नाही हा प्रश्न तिच्या डोक्यात त्या वेळी नव्हता. चित्रावाचून काम अडले होते. मुलाला चित्राची गरज पडेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे शिक्षकाचे काम आहे असे मला वाटते, आणि शिल्प आधी, चित्र मागून, हा माझ्या वर्गाचा क्रम त्यातूनच ठरला.

मावळ्यांविषयी थोडे. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले मावळे किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असतात, तोफा झाडांपेक्षा मोठ्या असतात, आणि सिंहासनावरचे महाराज तर साऱ्या बालेकिल्ल्याएवढे. पालक याला चूक समजतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपल्या भोवतालच्या साऱ्या आकृतींहून भव्य काढला आहे; घारापुरीच्या त्रिमुखी शिवापुढे माणूस गुडघ्याएवढा वाटतो. जो महत्त्वाचा तो मोठा, हे प्रमाणशास्त्र आपल्या कलेत फार प्राचीन आहे आणि मुलांना ते कोणी शिकवावे लागत नाही. मुले स्वतः मावळे करू लागली की प्रमाण आपोआप बदलते, कारण हाताने केलेला मावळा त्यांना दारातून आत न्यावासा वाटतो.

किल्ल्यांच्या स्पर्धांविषयी माझे मत तीव्र आहे. एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. पहिल्या पंक्तीतील किल्ले थोरांनी, मापे घेऊन, रंगाच्या फवाऱ्याने सजवलेले होते, आणि मुले नव्या कपड्यांत बाजूला उभी राहून पाठ केलेली माहिती सांगत होती. कोपऱ्यात एक ओबडधोबड राजगड होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या त्यात होत्या, बालेकिल्ला थोडा कलंडला होता, आणि करणाऱ्यांची नखे काळी होती. मी गुण नखांना दिले. २०२५ च्या जुलैत राजगडासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा मला आनंद आहे, पण त्यापायी अंगणातला किल्ला हुबेहूब प्रतिकृतीच्या स्पर्धेत अडकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात तयार प्लास्टरचे किल्लेही मिळतात; त्यांच्याविषयी न लिहिणेच बरे.

खरी अडचण मातीची आहे. खोपट, चरई, पाचपाखाडीच्या नव्या इमारतींत अंगणभर फरशा झाल्या, आणि मुलांना किल्ल्यासाठी रोपवाटिकेतून लाल मातीची पिशवी विकत आणावी लागते. ती माती कुंडीसाठी ठीक, किल्ल्यासाठी भुसभुशीत. तीत निम्मी चिकणमाती मिसळल्याशिवाय लेप धरत नाही. म्हणून मी ओळखीच्या सोसायट्यांना सुचवतो की, तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडाल तेव्हा माती कचऱ्यात देऊ नका. गोणपाट सोडवून धुऊन वाळवा. खडे आणि मावळे वेचा. हळिवाची मुळे चाळून काढा, माती एका पिंपात भरा आणि जिन्याखाली ठेवा. पुढच्या आश्विनात तीत पाणी घालून दोन दिवस मुरू द्यावे आणि मुलांना पायांनी तुडवू द्यावे. जुनी, पुन्हा पुन्हा मळलेली माती नव्या मातीहून अधिक चिवट होते, हे कोणताही कुंभार सांगेल. आमच्या वर्गातले पिंप दर दिवाळीला थोडे अधिक भरते आणि ज्या इमारतीला माती हवी असेल तिने बादली घेऊन यावे.