फर्नांडेझ : आडनाव एक, घराणी अनेक

फर्नांडेझ हे स्पॅनिश पितृनाम (वडिलांच्या नावावरून पडलेले आडनाव) आहे. अर्थ ‘फर्नांडोचा मुलगा’. फर्नांडो हे नाव मूळचे जर्मानिक, व्हिसिगॉथ लोकांकडून स्पेनमध्ये रुजलेले. आपले मधले नाव पिढीगणिक बदलते, तसे स्पेनमधल्या मध्ययुगीन कॅस्टील राज्यात हे आडनावही बदलत असे. पुढे ते कायम झाले. फर्नांडो तर गावोगावी होते, राजेसुद्धा. म्हणून सगळे फर्नांडेझ एकाच कुळातले, हा समज टिकत नाही. स्पेनच्या पहिल्या दहा आडनावांत ते मोडते. अस्तुरियास प्रांतात त्याचे लोकसंख्येतले प्रमाण सर्वाधिक आहे. गोव्यातले फर्नांडिस हे त्याचे पोर्तुगीज भावंड. तिथे धर्मांतराच्या वेळी अनेकांना पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. केवळ आडनावावरून युरोपीय वंश ठरवणे चुकीचे आहे.