खनिज शिरांचा विद्युत माग. ग्राफाइटची दिशाभूल कायम

जमिनीखालील खनिज शिरांचा माग विद्युत सर्वेक्षणाने काढता येतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत रॉबर्ट फॉक्स यांनी १८३० मध्येच खडकांतील नैसर्गिक विद्युत प्रवाह नोंदवले होते. आता दोन इलेक्ट्रोडमधून जमिनीत प्रवाह सोडून अन्य दोहोंमधील विभवांतर मोजतात आणि त्यावरून खडकाचा विद्युत रोध काढतात.

तांबे व शिशाच्या सल्फाइड खनिजांचा रोध कमी असतो. पण ग्राफाइट, ओली चिकणमाती आणि खारे पाणीही तसेच वागतात. जस्ताचे प्रमुख खनिज स्फॅलेराइट तर बहुधा मंदवाहकच. त्यामुळे राजस्थानातील रामपुरा-आगुचासारख्या ग्राफाइटयुक्त खडकांच्या परिसरात केवळ कमी रोधावर विसंबून चालत नाही.

यासाठी ‘प्रेरित ध्रुवीकरण’ पद्धत वापरतात. प्रवाह खंडित केल्यावर विभवांतर लगेच नाहीसे होते की हळूहळू ओसरते, हे तीत पाहिले जाते. खडकात विखुरलेले सल्फाइडचे कण हा ऱ्हास लांबवतात. गारगोटीच्या शिरेतील सोने अत्यल्प असल्याने थेट कळत नाही. सोबतच्या पायराइटवरून त्याचा अंदाज बांधतात. ग्राफाइट मात्र येथेही फसवतो. म्हणूनच खर्चिक ड्रिलिंगची जागा ठरवण्यापूर्वी या नोंदी चुंबकीय, गुरुत्वीय आणि भूरासायनिक निरीक्षणांशी पडताळल्या जातात.